ओढ्यावरील मातीचा बांध : त्याचे प्रयोजन व त्याची सुरक्षितता

पावसाळा तोंडावर आला म्हणजे ओढ्याकाठच्या गावात दोन मागण्या ऐकू येतात. खालच्या अंगाचा शेतकरी म्हणतो, वर बांध घाला, म्हणजे पुराचे पाणी अडेल. वरच्या अंगाचा शेतकरी म्हणतो, बांध घाला, म्हणजे उन्हाळ्यास पाणी उरेल. दोघांच्याही तोंडी शब्द एकच असल्यामुळे दोघांस हवी ती वस्तूही एकच आहे, असा समज सहज होतो. वस्तुतः ती एक नव्हे. आणि हा भेद न ओळखता बांधलेला व वापरलेला बांध खालच्या वस्तीस संरक्षण देण्याऐवजी तिच्या डोक्यावर टांगलेले संकट होऊन बसतो. यास्तव मातीचा लहान बांध पूर कसा आवरतो, तो केव्हा आवरत नाही, आणि तो फुटू नये म्हणून कोणी काय पाहिले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगेच्या खोऱ्यातील. ही नदी खंडाळ्याच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावून खोपोलीवरून पश्चिमेकडे वाहते व अखेरीस धरमतरच्या खाडीस मिळते. १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजगृहातून सुटणारे पाणीही तिलाच मिळत आले आहे. एवढ्या मोठ्या मुलखाचे पाणी घेऊन येणारी नदी जेव्हा चढते, तेव्हा एखाद्या गावाने आपल्या ओढ्यावर घातलेल्या बांधाने तिच्या पातळीत बोटभरही फरक पडत नाही. तशी आशा कोणी दाखविल्यास ती फोल समजावी.

परंतु दुसरा एक पूर असतो, तो ओढ्याचा. डोंगरउतारावर तासाभरात कोसळलेला पाऊस अरुंद पात्रातून धावत खाली येतो, खाचरांचे बांध फोडतो, लावणी झालेल्या भातावर रेती व धोंडे पसरतो, आणि दोन-चार तासांत ओसरून जातो. हा पूर अल्पायुषी असतो. त्याचे सारे बळ त्याच्या शिखराच्या एका-दोन तासांत असते. हे शिखर कापता आले तर उरलेले पाणी ओढ्याच्या पात्रातून मुकाट्याने जाते. लहान बांधाचे पूरनियंत्रणातील कार्य एवढेच आहे; आणि ते थोडके नाही.

हिशेब

या कार्याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास करता येतो. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे ३,६३० घनफूट पाणी होते. समजा, एका ओढ्यास २०० एकर डोंगराचे पाणी मिळते, आणि त्यावर घातलेल्या बांधामागे ५ एकर क्षेत्रात सरासरी ६ फूट खोल पाणी राहू शकते. या बांधाच्या पोटात सुमारे १३ लक्ष घनफूट पाणी मावेल.

आता दिवसभरात १० इंच पाऊस झाला असे धरू. कोकणात ही काही अघटित गोष्ट नव्हे. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस आपल्या भागात पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी मुंबईस सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पाऊस नोंदला गेला. दहा इंचांपैकी तीन-चतुर्थांश पाणी वाहून आले तरी ते ५४ लक्ष घनफुटांवर जाते. म्हणजे आपला बांध पूर्ण रिकामा असला तरी दिवसाच्या पाण्याचा जेमतेम चौथा हिस्सा त्यात मावणार. ‘बांध घातला म्हणजे पूर बंद’ हे म्हणणे येथेच निकालात निघते.

पण त्याच दिवसातील सर्वांत वाईट तास घ्या. त्या एका तासात २ इंच पाऊस झाला व त्यातले तीन-चतुर्थांश वाहून आले, तर ते पाणी सुमारे ११ लक्ष घनफूट होते. हे मात्र आपल्या १३ लक्षांच्या पोटात संपूर्ण मावते. बांधाच्या तळाशी दोन-सव्वादोन फूट व्यासाची मोरी सदैव उघडी असून तीतून सेकंदास सरासरी ५० घनफूट पाणी जात असेल, तर तासास १ लक्ष ८० हजार घनफूट पाणी बाहेर पडेल, आणि तुडुंब भरलेला बांध वरून येणारे पाणी थांबल्यावर सुमारे सव्वासात तासांत रिता होईल. जे पाणी एका तासात गावावर आले असते, ते सात तासांत वाटून गेले.

खाडीकडील गावांस याचा आणखी एक लाभ आहे. भरतीच्या वेळी खारबंदीच्या उघाड्या मिटलेल्या असतात आणि आतील पाण्यास बाहेर वाट नसते. ओहोटी लागली म्हणजे ती वाट मोकळी होते. भरतीच्या शिखरापासून ओहोटीच्या तळापर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात. अर्थात भरतीच्या तोंडाशी आलेला लोंढा सहा-सात तास रेंगाळत सोडला, तर त्यातील बराच भाग ओहोटीबरोबर निघून जाण्याचा संभव असतो.

भरलेला बांध पूर अडवीत नाही

वरील सर्व हिशेब एका अटीवर उभा आहे : लोंढा येईल तेव्हा बांध रिकामा असला पाहिजे. श्रावणात काठोकाठ भरलेल्या तळ्यात वरून जेवढे पाणी येते, जवळजवळ तेवढेच सांडव्यावरून खाली जाते. तळ्याचा पृष्ठभाग थोडा चढतो, तेवढाच काय तो उशीर होतो. म्हणून जो बांध उन्हाळ्यासाठी पाणी साठवितो, तो भरल्यानंतर पूर फारसा आवरीत नाही. आणि जो पूर आवरण्यासाठी रिता ठेवावयाचा, तो उन्हाळ्यास पाणी देत नाही. दोन्ही कामे एकाच बांधाकडून हवी असल्यास त्याची उंची तितकी वाढवावी लागते, खालचा थर साठ्यासाठी व वरचा थर पुरासाठी राखावा लागतो, आणि त्या वरच्या थरास कोणी हात लावू नये असा कडक नियम पाळावा लागतो.

केवळ पुरासाठी कोरडे राखलेले बांध ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या ओहायो संस्थानात मार्च १९१३ मध्ये मियामी नदीस पूर येऊन डेटन शहर बुडाले. त्यानंतर तेथील लोकांनी स्वतःवर कर बसवून घेऊन त्या खोऱ्यात पाच मातीची धरणे बांधली. ती १९२२ साली पुरी झाली. त्यांच्या मोऱ्यांस दरवाजेच नाहीत. पाण्यास सदैव वाट मोकळी. मोठा पूर आला तरच पाणी मागे तुंबते व आपोआप निघून जाते. एरवी धरणामागील जमिनीत शेती चालते. दरवाजा नसल्यामुळे तो वेळेवर कोण उघडणार हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडे हीच योजना जशीच्या तशी लावताना एक फरक ध्यानात घ्यावा. तेथील पूर बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस येतात. आपला पूर आणि आपले भात एकाच हंगामात येतात. बांधाच्या पोटातील खाचरे पावसाळ्यात वरचेवर काही तास बुडणार. रुजलेले भात थोडा वेळ बुडाले तरी तग धरते, पण नुकती लावलेली रोपे उपटून जातात व गाळ साचतो. तेव्हा त्या जमिनीत पावसाळ्यात गवत राखून, भात कापणीच्या सुमारास ओल असता वाल किंवा भाजीपाला घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. ज्याची जमीन बुडणार त्यास त्याची भरपाई काय, हे बांधाची पहिली टोपली पडण्यापूर्वी लिहून ठेवावे; कारण हा तंटा न मिटल्यास पुढे एखाद्या रात्री कोणी मोरी बुजवितो किंवा कोणी बांध कापतो.

लहान बांध म्हणून लहान धोका नव्हे

पाण्याचा दाब तळ्याच्या विस्तारावर अवलंबून नसून खोलीवर असतो. १५ फूट खोलीवर प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ९४० पौंड दाब पडतो. मग मागे पाच एकरांचे तळे असो की पाच मैलांचे. शिवाय वरच्या उदाहरणातील १३ लक्ष घनफूट पाण्याचे वजन सुमारे ३६ हजार टन भरते. ते घटकाभरात मोकळे झाल्यास खालच्या वाडीचे काय होईल, हे सांगावयास नको.

असे असूनही मातीचा बांध हा स्वभावतः दुबळा नव्हे. चांगल्या चिकणमातीचा गाभा, तो गाभा खालच्या अभेद्य थरापर्यंत चर खणून उतरविलेला, त्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचा भराव, पाण्याकडील उतार तीनास एक व पाठीकडील उतार दोनास एक, पाण्याकडे दगडांची फरसबंदी, आणि पाठीच्या पायथ्याशी पाझर सुखाने निघून जावा म्हणून वाळू, खडी व दगड यांचा निचरा. एवढे झाल्यास बांध पिढ्यान्पिढ्या टिकतो. मात्र माती अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांनी, योग्य ओल ठेवून, रोलरने चेपीत चढविली पाहिजे. डंपरने ओतलेला ढीग म्हणजे बांध नव्हे. तो दिसावयास सारखाच दिसतो. भेद पहिल्या पावसात कळतो.

बांध फुटतो कसा

मातीचा बांध पाण्याच्या रेट्याने भिंतीप्रमाणे आडवा पडला, असे सहसा घडत नाही. तो बहुधा तीन वाटांनी जातो, आणि तिन्हींची उदाहरणे आपल्या जवळची आहेत.

पहिली वाट माथ्यावरून. सांडव्यातून जाऊ शकेल त्याहून अधिक पाणी आले म्हणजे ते बांधाच्या माथ्यावर चढते, जेथे माथा चार बोटे खाली असेल तेथून वाहू लागते, पाठीची माती खरवडून नेते व पाहता पाहता तेथे दरी पडते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसरे धरण असेच गेले. मधला दगडी भाग राहिला, पण सांडव्याच्या शक्तीबाहेर आलेले पाणी दोन्ही अंगांच्या मातीच्या भरावावरून गेले. मोरबी शहर उद्ध्वस्त झाले व फार मोठी प्राणहानी झाली.

दुसरी वाट मोरीजवळून. जेथे दगड-काँक्रीटचे काम मातीतून जाते, तेथे दोहोंची सांगड नीट बसत नाही. माती खचते, पोकळी राहते. पुण्याजवळ अंबी नदीवरील पाणशेत धरणात काम पुरते पक्के होण्यापूर्वीच पाणी साठले, मोरीवरील भराव खचून माथा खाली बसू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले, खालचे खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्याने गेले, आणि पुणे शहरातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या.

तिसरी वाट आतून. पाझराबरोबर मातीचा कण कण वाहून जाऊ लागला, म्हणजे बांधात एक नळी तयार होते. ती पाठीकडून पोटाकडे वाढत जाते आणि तळ्यास मिळाली की बांध संपला. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटून त्याखालील भेंदवाडी वाहून गेली व सुमारे वीस माणसे प्राणास मुकली. धरणास गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, असे तेव्हा पुढे आले. खेकड्यांनी पोखरल्यामुळे धरण फुटले, असे विधान त्या वेळच्या मंत्रिमहोदयांनी केले व त्यावर बरीच टीका झाली. शेतकऱ्याने यातून घ्यावयाचा बोध एवढाच : खेकडे, घुशी, उंदीर व वाळवी बांध पोखरतात हे खरे, पण ते काम एका रात्रीत होत नाही. ते दिसते. पाहणारा व दुरुस्ती करणारा असेल, तर बीळ हे बीळच राहते.

सांडवा हा बांधाचा प्राण

तिन्ही वाटांपैकी पहिली बंद ठेवणे गावाच्या हाती सर्वांत अधिक आहे, आणि तीच गाव आपल्या हाताने उघडून देते, असे खेदाने म्हणावे लागते. पुन्हा आपलेच उदाहरण घेऊ. सांडवा आखताना उदार होऊन चालत नाही. तळे भरलेले, जमीन भिजलेली, मोरी तुंबलेली, असेच धरले पाहिजे. ताशी एक इंच पावसाचे एका एकरावरून सेकंदास जवळजवळ एक घनफूट पाणी येते. २०० एकरांवर ताशी २ इंच पाऊस म्हणजे सेकंदास ४०० घनफूट. सांडव्याच्या उंबऱ्यावर २ फूट खोल पाणी असता दर फूट रुंदीतून सुमारे ८ घनफूट जाते. म्हणून सांडवा ५० फूट रुंद हवा. बांधाचा माथा उंबऱ्याहून ४ फूट उंच ठेवला, तर पुरातही माथा २ फूट कोरडा राहतो. प्रत्यक्ष आकडे स्थळ पाहून अभियंत्याने ठरवावयाचे असतात. येथे प्रमाण समजावे एवढाच हेतू आहे.

आता दोन गोष्टी घडतात. उन्हाळ्यास थोडे अधिक पाणी मिळावे म्हणून कोणी उंबऱ्यावर दीड फूट उंचीची मातीची पोती रचतो. यात काय बिघडले? पूर २ फूट चढला तरी साडेतीन फूट होतात. माथा अर्धा फूट अजून वर आहे. दुसरीकडे सांडव्याच्या तोंडाशी झाडझाडोरा वाढून, किंवा कोणी गोठा अथवा कुंपण घालून, त्याची रुंदी निम्मी होते. एकट्या या दोषानेही बांध जात नाही. २५ फुटांतून तेच पाणी जाण्यास ते सुमारे सव्वातीन फूट चढते, पाऊण फूट शिल्लक राहते. परंतु ज्या वर्षी हे दोन्ही दोष एकत्र येतात, त्या वर्षी दीड व सव्वातीन मिळून पावणेपाच फूट होतात, आणि माथा तर चारच फुटांवर आहे. पोती रचणारा म्हणतो मी पूर्वीही रचली होती, कुंपणवाला म्हणतो माझे कुंपण दहा वर्षांचे आहे. दोघेही खरे बोलतात, आणि बांध मात्र गेलेला असतो.

म्हणून नियम असा की, सांडव्याच्या उंबऱ्यावर एक वीटदेखील चढवू नये, त्याच्या तोंडाशी व पुढील चरात काहीही असू नये, आणि माथा सर्वत्र एका पातळीत असावा. गुरांच्या किंवा गाड्यांच्या वाटेने माथा एका जागी अर्धा फूट झिजला, तर साऱ्या बांधाची उंची अर्ध्या फुटाने कमी झाली असेच समजावे. गवंड्यांजवळ असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ही पातळी दोन माणसांस एका सकाळी तपासता येते.

पाझर व गळती

मातीच्या बांधातून थोडा पाझर असावयाचाच. त्याने घाबरू नये. पाझराचे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि ते स्थिर आहे की वाढते आहे, हे पाहावे. स्वच्छ व स्थिर पाझर निरुपद्रवी. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती बाहेर चालली. पाझर एका चरात आणून किती वेळात एक हंडा भरतो हे दर आठवड्यास लिहून ठेवल्यास वाढ लगेच उमगते. मात्र तुलना करताना तळ्याची पातळी सारखी असावी.

गढूळ झरा दिसताच त्याच्या तोंडावर चिकणमाती थापून तो बुजविण्याची आपली प्रवृत्ती असते. ते करू नये. कोंडलेले पाणी दुसरी वाट शोधते व ती पहिलीहून वाईट असते. झऱ्यावर प्रथम जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी व दगड असा थर द्यावा. म्हणजे पाणी येते पण माती अडते. त्याचबरोबर मोरी पूर्ण उघडून तळ्याची पातळी उतरवावी व अभियंत्यास कळवावे. पाण्यात भोवरा दिसला, माथ्यावर खड्डा पडला, किंवा पाठीचा उतार घसरू लागला, तर दुरुस्तीच्या आधी खालची वस्ती हलवावी. माणसे आधी, पोती नंतर.

बांधावर झाडे लावू नयेत. झाडाची मुळे माती धरतात हे खरे, परंतु झाड मेल्यावर मूळ कुजते व त्या जागी आयती नळी उरते. बांधास हरळीसारखे आखूड गवत उत्तम. ते कापलेले असावे, म्हणजे बिळे दिसतात. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांपैकी लांबीच्या दिशेच्या भेगा बहुधा कमी घातक. आडव्या, म्हणजे पाण्याकडून पाठीकडे जाणाऱ्या भेगा अधिक घातक. वरून चिखल ओतून त्या मिटत नाहीत. भेग संपेल तेथवर खणून, ओली माती थरांनी चेपीत भरली पाहिजे.

पाहील कोण?

येथे खरी अडचण आहे. मोठ्या धरणांवर लक्ष ठेवण्यासाठी केंद्र सरकारचा धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ हा कायदा आहे. परंतु तो १५ मीटरहून उंच धरणांस, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काही अटी पुऱ्या करणाऱ्यांस लागू होतो. दहा मीटरांच्या, म्हणजे सुमारे ३३ फुटांच्या आतील गावबांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो. बांधणारे खाते बहुधा जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग किंवा राज्याचा मृद व जलसंधारण विभाग असतो. पण वर्षाचे ३६५ दिवस बांधाजवळ असतो तो शेतकरीच.

पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. कुलाबा जिल्ह्यात पेण-अलिबागकडील खारजमिनींवर शिलोत्री पद्धत चालत असे. समुद्राचे पाणी अडविणारा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबद्दल जमीन कसणाऱ्यांनी बिघ्यामागे ठराविक धान्य त्यास द्यावयाचे. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला. पद्धतीतले दोष बाजूस ठेवले तरी तिच्यातले तत्त्व निर्विवाद आहे : बांधाचा राखणदार ठरलेला असावा, आणि राखणीचा खर्च पिकातूनच निघावा. आज पुष्कळ गावबांधांस बांधणारा सापडतो, उद्घाटन करणारा सापडतो, राखणदार सापडत नाही.

महसुली कामकाजाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ठाऊक आहे की, पुरानंतर तलाठी येतो, पंच बसतात, किती गुंठे वाहून गेले, किती घरे पडली याचा पंचनामा होतो. हा पंचनामा नुकसानीचा असतो, आणि नुकसान झाल्यावर होतो. प्रस्तुत लेखकाची हयात असले कागद लिहिण्यात गेली. त्यावरून सुचते ते असे की, गावाने एक पंचनामा पावसापूर्वीही करावा, तो बांधाचा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास पाच खातेदारांनी, त्यांत खालच्या अंगाचे निदान दोन असावेत, बांधावर चालत जाऊन पुढील गोष्टी लिहाव्यात : माथ्याची पातळी, सांडव्याची रुंदी व उंबरा, मोरी मोकळी आहे की नाही, भेगा, बिळे, वारुळे, झाडे, आणि पाठीकडील ओल. उन्हाळ्यात पायथ्याशी एखादीच जागा हिरवीगार दिसली, तर तीही टिपावी. दुसरी पाहणी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, तिसरी बांध प्रथम भरेल तेव्हा, व चौथी दसऱ्यानंतर. भर पावसात पाणी चढते असेल तर रोज, आणि अंधारात एकट्याने नव्हे. सह्या झालेला कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहावा व त्याची प्रत संबंधित खात्यास पोच घेऊन द्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच असलेल्या कागदास उत्तर द्यावे लागते.

नवा बांध मागणाऱ्या गावाने तर मागणीच्या अर्जाबरोबर चार गोष्टी आधी ठरवाव्यात. हा बांध साठ्याचा की पुराचा? सांडव्याचे पाणी ओढ्यास मिळेपर्यंत कोणाकोणाच्या जमिनीतून जाणार, आणि त्या चराची नोंद त्यांच्या सात-बाराच्या इतर हक्कांत झाली की नाही? बांधाखाली ओढ्याच्या पात्रात जी घरे व गोठे सरकत आले आहेत, त्यांचे काय? आणि वर्षाची डागडुजी कोणी करावयाची व तिचा पैसा कोठून यावयाचा? या चार प्रश्नांची उत्तरे नसताना मिळालेला बांध नाकारलेला बरा. ओढ्याचा पूर दोन-चार तासांत ओसरतो, पण फुटलेल्या बांधाचा पूर ज्या घरात शिरतो ते घर पुन्हा उभे राहीलच असे नाही.

ज्या गावांत असे बांध आज उभे आहेत, तेथील खातेदारांनी या अंकाची वाट वाकडी करून एवढे तरी करावे : येत्या आठवड्यात सांडव्यापर्यंत चालत जावे, त्याची रुंदी पावलांनी मोजावी, आणि उंबऱ्यावर पोती दिसली तर ती त्याच दिवशी काढून टाकावीत. त्यास खात्याची मंजुरी लागत नाही, खर्चही येत नाही.